वायोमिंगचा प्रॉन्गहॉर्न टॅग : सहा पॉइंटांच्या रांगेचे परीक्षण

२०२४ च्या जून महिन्यात, ऑफिसमधल्या जेवणाच्या सुट्टीत, वायोमिंगच्या वन्यजीव विभागाच्या, म्हणजे ‘वायोमिंग गेम अँड फिश’च्या, संकेतस्थळावरचे माझे खाते उघडले तेव्हा अँटिलोपच्या (प्रॉन्गहॉर्न या हरणासारख्या प्राण्याला इथे अँटिलोपच म्हणतात) शिकारीच्या अर्जासमोर ‘सक्सेसफुल’ हा शब्द दिसला. २०१८ पासून दरवर्षी ३१ डॉलर भरून जमवलेले सहा प्रेफरन्स पॉइंट, म्हणजे परवान्याच्या रांगेत पुढे सरकवणारे गुण, त्या एका शब्दापायी खर्ची पडले होते आणि पॉइंटांच्या रकान्यात शून्य आले होते. हे परीक्षण त्या सहा वर्षांचे आहे. पॉइंट विकत घेणे, अर्ज करणे, सोडतीत नाव लागणे आणि अखेर तो टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, खिशात घालून माळावर उतरणे, या साऱ्याला एकच सेवा मानून मी तिला पाचपैकी चार गुण देतो. चार गुण कशाला दिले आणि पाचवा का दिला नाही, हे दोन्ही सविस्तर सांगण्यासारखे आहे.

मी मूळचा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातला. रेहेकुरी अभयारण्य आमच्या गावापासून सायकलच्या टप्प्यात होते आणि काळविटांचे कळप शेताच्या बांधावरून पाहतच मी लहानाचा मोठा झालो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद केली, आणि ती बंदच राहावी असे माझे ठाम मत आहे. त्यामुळे शिकागोजवळ स्थायिक झाल्यावर एका सहकाऱ्याने शिकारीचा विषय काढला तेव्हा मी दोन वर्षे त्याला नाहीच म्हणत होतो. मन वळले ते इथला इतिहास वाचल्यावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रॉन्गहॉर्न नामशेष होण्याच्या काठावर, काही हजारांवर येऊन ठेपला होता. आधी शिकार बंद करून आणि मग मोजून मापून परवाने देऊन त्याला सावरण्यात आले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे रायफली आणि काडतुसांवरच्या ११ टक्के अबकारी कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे वळला, आणि परवान्यांचे शुल्कही त्याच कामी येते. आज जगातल्या एकूण प्रॉन्गहॉर्नपैकी जवळपास निम्मे एकट्या वायोमिंगमध्ये आहेत. मी मटण खाणारा माणूस आहे. ताटातल्या मांसाची जबाबदारी एकदा तरी स्वतःच्या हाताने घ्यावी असे मला वाटू लागले होते, आणि ती घ्यायची तर अशा मोजक्या, हिशेबी पद्धतीनेच घ्यावी, हे मला पटले.

या नियमांत पुन्हा पुन्हा येणारा ‘नॉनरेसिडेंट’ (परराज्यातला) हा शब्द ऐकला की आपल्या मनात लगेच एनआरआय येतो, म्हणून आधी तेवढा खुलासा करतो. इथे या शब्दाचा पासपोर्टशी संबंध नाही. इलिनॉयमध्ये जन्मलेला आणि तिथेच राहणारा अमेरिकन नागरिकही वायोमिंगच्या लेखी परराज्यातलाच, आणि ग्रीन कार्डवर असलेला मीही तसाच. व्हिसाचा प्रश्न वेगळा आहे. एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हाती असेल तर तिला अपवाद आहे, पण या बाबतीत ऐकीव माहितीवर विसंबू नये, वकिलाला विचारूनच पाऊल टाकावे. १ जानेवारी १९६६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचे प्रमाणपत्र लागते. मी ते इलिनॉयमध्ये घेतले आणि वायोमिंगने ते कोणतीही खळखळ न करता मान्य केले.

आता पद्धतीचे मर्म. म्हाडाच्या सोडतीत अर्जदाराने दहा वर्षे अर्ज केले असोत वा पहिल्यांदाच केला असो, नशीब सगळ्यांचे सारखे. वायोमिंगने परराज्यातल्यांसाठी रांग आणि सोडत यांची सांगड घातली आहे. मर्यादित संख्येच्या अँटिलोप आणि हरणांच्या परवान्यांपैकी २० टक्के परराज्यातल्यांसाठी राखलेले असतात, एल्क या मोठ्या हरणाचे १६ टक्के. या वाट्याचे पुन्हा दोन भाग होतात : ६० टक्के ‘रेग्युलर’ शुल्काचे आणि ४० टक्के ‘स्पेशल’ शुल्काचे. स्पेशलमध्ये परवान्याखेरीज जास्तीचे काहीच मिळत नाही. जास्त पैसे मोजायला तयार असलेल्या कमी लोकांच्या रांगेत उभे राहायला मिळते, इतकेच. मग प्रत्येक भागातले ७५ टक्के परवाने सर्वाधिक पॉइंट असलेल्यापासून खाली उतरत दिले जातात आणि २५ टक्के निव्वळ चिठ्ठीने, ज्यात शून्य पॉइंटवाल्याचेही नाव निघू शकते. समजा एखाद्या हंट एरियात, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या क्षेत्रात, परराज्यातल्यांसाठी १०० परवाने आहेत. त्यांतले ६० रेग्युलरचे, आणि त्या ६० पैकी ४५ रांगेने तर १५ चिठ्ठीने जाणार. मला ही वाटणी मनापासून आवडते. ज्याने वाट पाहिली त्याचा मान राहतो आणि नव्याने आलेल्या पोरालाही दार पूर्ण बंद होत नाही.

खर्चाचा हिशेब माझ्या बाबतीत असा झाला. सहा पॉइंटांचे १८६ डॉलर, रेग्युलर परवान्याचे ३२६ आणि अर्जाचे १५. परवान्याची पूर्ण रक्कम अर्जासोबतच भरावी लागते. नाव लागले नाही तर ती परत येते, अर्जाचे १५ डॉलर मात्र परत मिळत नाहीत. याखेरीज कॉन्झर्व्हेशन स्टॅम्प घ्यावा लागतो. २०२४ पासून स्पेशल अँटिलोपचे शुल्क १,२०० डॉलर आणि स्पेशल एल्कचे १,९५० डॉलर झाले आहे, तर रेग्युलर एल्क ६९२ वर आहे. एल्कचा एक पॉइंट ५२ डॉलरला, हरणाचा ४१ ला आणि मूस या अजस्र हरणाचा किंवा बिगहॉर्न या रानमेंढ्याचा १५० ला पडतो. मूस आणि मेंढ्यांच्या रांगेत आज नव्याने उभे राहण्याचा सल्ला मी कुणालाच देणार नाही, कारण २०२३ पासून त्यांतला परराज्यातल्यांचा वाटा १० टक्क्यांवर आणला गेला आहे आणि पुढे उभे असलेले लोक पुष्कळ वर्षांपासून उभे आहेत.

पाचवा गुण मी राखून ठेवला तो रांगेच्या स्वभावामुळे. पॉइंट म्हणजे बँकेतली ठेव नव्हे, हे मला समजायला चार वर्षे लागली. एल्क, हरीण आणि अँटिलोपच्या पॉइंटांची विक्री २००६ मध्ये सुरू झाली, आणि तेव्हापासून दरवर्षी नवे लोक रांगेत येत आहेत. परवाने तेवढेच राहिले आणि माणसे वाढली की कालपर्यंत चार पॉइंटांत मिळणारा एरिया आज पाच मागतो आणि उद्या सहा. शिकारी याला ‘पॉइंट क्रीप’ म्हणतात. मी २०२१ मध्ये तीन पॉइंटांवर होतो आणि माझा एरिया तेव्हा चारच्या आसपास मिळत होता. पुढच्या वर्षी चार पुरे होईनात. त्यानंतर २०२२-२३ चा हिवाळा आला. पश्चिम आणि मध्य वायोमिंगमध्ये बर्फ साचून घट्ट झाला, प्रॉन्गहॉर्नला सेजब्रश या खाद्य झुडपापर्यंत तोंड नेता येईना, आणि पाइनडेल परिसरातल्या कळपात तर मायकोप्लाझ्मा बोव्हिस या जिवाणूमुळे न्यूमोनियाही पसरला. याच भागातल्या सबलेट कळपातले निम्म्याहून अधिक प्राणी त्या एका हिवाळ्यात गेले. विभागाने परवान्यांना मोठी कात्री लावली आणि माझी रांग आणखी लांबली. मला वाईट वाटले, पण राग आला नाही. प्राणी नसताना परवाने विकत बसला असता तर या विभागावरचा माझा विश्वास उडाला असता. गुण कापला तो कात्रीसाठी नाही. पॉइंट विकताना ही रांग नेमकी किती वेगाने लांबते आहे हे खरेदीच्या पानावरच ठळकपणे दिसले पाहिजे, आणि ते दिसत नाही, म्हणून कापला.

आकडे उपलब्ध नाहीत असे मात्र नव्हे. प्रत्येक सोडतीनंतर विभाग एरियानिहाय आणि टाइपनिहाय (परवान्याच्या प्रकारानुसार) तक्ते जाहीर करतो : किती पॉइंटवाले किती अर्जदार होते आणि त्यांतल्या किती जणांना परवाना मिळाला. या सेवेतली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे आणि ती फुकट आहे. तक्ता वाचताना एकाच वर्षाचा पाहू नये. लागोपाठ तीन-चार वर्षांचे तक्ते शेजारी ठेवावेत आणि ज्या ओळीवर परवाने संपतात ती ओळ दरवर्षी किती वर सरकते ते बघावे. ती तुमच्या पॉइंटांच्या वेगानेच वर सरकत असेल तर तुम्ही जागच्या जागी चालत आहात. अशा वेळी जरा कमी मागणीचा एरिया निवडून मोकळे व्हावे. मी २०२२ मध्येच तसे केले असते तर दोन वर्षे वाचली असती.

पण ‘कमी मागणीचा एरिया’ म्हणजे काय, हेही नीट तपासले पाहिजे. वायोमिंगच्या पूर्व भागातले काही एरिया शून्य-एक पॉइंटात मिळतात, ते तिथे प्राणी कमी आहेत म्हणून नव्हे. तिथली जमीन बहुतांशी खाजगी रँचची आहे आणि परवाना हातात असूनही पाय ठेवायला जागा नसते. विभाग आपल्या माहितीपत्रकात सार्वजनिक प्रवेश अवघड असलेले एरिया वेगळे दाखवतो. त्या खुणेकडे दुर्लक्ष करू नये. नकाशात बीएलएमची, म्हणजे संघीय सरकारची मोकळी जमीन आणि विभागाने जमीनमालकांशी करार करून उघडलेली वॉक-इन क्षेत्रे किती आहेत, हे आधी पाहावे आणि पॉइंट मग मोजावेत. सार्वजनिक जमिनीच्या एका चौकोनाच्या कोपऱ्यावरून दुसऱ्यात पाऊल टाकण्याचा वादही याच राज्यातल्या एल्क माउंटनवर २०२१ मध्ये पेटला होता. २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. एल्कसाठी जाणाऱ्यांनी आणखी एक नियम लक्षात ठेवावा : संघीय ‘विल्डरनेस’ म्हणून घोषित क्षेत्रात परराज्यातल्या माणसाला परवानाधारक गाइडशिवाय किंवा वायोमिंगच्या एखाद्या रहिवाशाने तशी मोफत परवानगी काढून सोबत आल्याशिवाय मोठ्या प्राण्याची शिकार करता येत नाही.

नियमांमधली दोन-तीन वळणे पैसे आणि वर्षे वाया घालवू शकतात. सोडतीत नाव लागले नाही म्हणून पॉइंट आपोआप जमा होत नाही. १ जुलैपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत तो वेगळा विकत घ्यावा लागतो. पहिल्या पसंतीचा परवाना मिळाला तरच पॉइंट जातात, मग तो रांगेतून मिळालेला असो की चिठ्ठीतून. दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचा मिळाला तर पॉइंटांना धक्का लागत नाही. गटाने अर्ज केल्यास सर्वांच्या पॉइंटांची सरासरी धरली जाते. आणि सलग दोन वर्षे अर्जही केला नाही, पॉइंटही घेतला नाही, तर जमवलेले सगळे पॉइंट रद्द होतात. माझ्या सहकाऱ्याच्या बाबतीत हेच झाले. ‘तुमचे सगळे अर्ज आम्ही भरतो’ म्हणणाऱ्या एका खाजगी कंपनीकडे त्याने पैसे भरून हे काम सोपवले होते. त्या कंपनीने लागोपाठ दोन वर्षे त्याचा अँटिलोपचा पॉइंट घेतलाच नाही, आणि त्याचे चार पॉइंट गेले. कंपनीने शुल्क परत केले. चार वर्षे परत करणे तिच्या हातात नव्हते. आम्ही दोघांनी मिळून अर्ज करायचे ठरवले होते, ते त्यामुळे राहून गेले. हे काम स्वतःच करावे असे माझे स्पष्ट मत आहे. अर्ज भरायला वीस मिनिटे लागतात आणि वर्षभरातल्या तारखाही मोजक्याच आहेत : एल्कचा अर्ज फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, अँटिलोप आणि हरणाचा जूनच्या सुरुवातीपर्यंत, आणि पॉइंट जुलै ते ऑक्टोबर.

प्रत्यक्ष टॅग टपालाने आला. एवढ्या वर्षांच्या मानाने तो एक साधा कागद होता. त्यावर एरियाचा क्रमांक, टाइप १, आणि खाली कार्कस कुपन, ज्याच्या कडेला महिने आणि तारखांचे छोटे छोटे चौकोन छापलेले. सप्टेंबरच्या उत्तरार्धात आम्ही शिकागोहून आय-८० महामार्गाने निघालो, आयोवा आणि नेब्रास्का ओलांडून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वायोमिंगमधल्या रॉलिन्सला पोहोचलो आणि तिथून उत्तरेकडे वळलो. सहकारी परवान्याशिवायच, केवळ सोबत म्हणून आला होता.

पहिले दोन दिवस फक्त पाहण्यात गेले. प्रॉन्गहॉर्न पळतो कसा हे आकड्यांत सांगायचे तर ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे. पण माझ्या डोळ्यांत राहिले ते त्याचे कुंपणापाशी थांबणे. इतका वेगवान प्राणी, पण तो तारेवरून उडी मारत नाही. काळवीट असते तर हवेत झेपावून पलीकडे गेले असते. हा खाली मान घालून, गुडघे मोडून, सर्वांत खालच्या तारेखालून सरपटत जातो, आणि पाठीवरचे केस तारेच्या काट्यांना अडकून राहतात. ज्या कुंपणांची खालची तार उंचावून बिनकाट्याची केलेली होती तिथे कळप क्षणभरही न रेंगाळता निघून जात होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका कोरड्या ओढ्यातून सुमारे तासभर ओणवे चालत मी एका एकट्या नरापासून २१० यार्डांवर आलो. जबड्याखालचा काळा डाग दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होता. नर ओळखण्याची ती खात्रीची खूण. एकच गोळी लागली आणि तो साठएक पावले जाऊन बसला. जवळ गेल्यावर मी बराच वेळ नुसता शेजारी बसून होतो. सेजब्रशचा कडवट, ओव्यासारखा वास त्याच्या अंगाला येत होता. मग कुपन काढून, सुरीच्या टोकाने महिना आणि तारीख कापून, सही करून ते प्राण्याला बांधले. जागेवरून हलण्याआधी हे करणे बंधनकारक आहे. दुपारपर्यंत ऊन चढले. प्रॉन्गहॉर्नचे मांस खराब लागते असे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांतल्या बहुतेकांनी ते उन्हात तापू दिलेले असते. आम्ही तासाभरात कातडे काढले, मांस कापडी पिशव्यांत भरले आणि बर्फाच्या दोन मोठ्या कूलरमध्ये पाणी लागू न देता ठेवले. घरी ३५ पौंडांच्या आसपास निव्वळ मांस आले. सौभाग्यवतींनी नळ्यांचा रस्सा आमच्याकडच्या काळ्या मसाल्यात केला आणि बाजरीच्या भाकरीबरोबर तो जेवताना, मांस उग्र वासाचे असेल या भीतीने आधीच पोट भरून आलेल्या दोन पाहुण्यांनी पुन्हा वाढून घेतले.

इतर राज्यांशी तुलना थोडक्यात करतो, कारण मी त्यांत इतका खोल उतरलेलो नाही. न्यू मेक्सिको, आयडाहो आणि अलास्कात पॉइंटच नाहीत. न्यू मेक्सिकोत सोडतीतले ८४ टक्के परवाने रहिवाशांना, १० टक्के आउटफिटरसोबत (शिकारीची व्यवस्था करणाऱ्या व्यावसायिकासोबत) येणाऱ्यांना आणि ६ टक्के स्वतंत्र परराज्यातल्यांना मिळतात. नेवाडात पॉइंटांचा वर्ग करून, त्यात एक मिळवून, तितक्या चिठ्ठ्या टाकल्या जातात. ज्यांना वाट पाहण्याचा हिशेब नको आहे त्यांनी ही राज्ये पाहावीत. पण किती वर्षांनी काय पदरात पडेल याचा अदमास स्वतः बांधता येईल आणि तो बराचसा खरा ठरेल, अशी सोय मला वायोमिंगमध्येच सर्वांत चांगली वाटली. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी तर पॉइंटांची वाटही पाहू नये. मादी-पाडसाचा अँटिलोप परवाना परराज्यातल्यांना ३४ डॉलरला मिळतो, त्याला पॉइंट लागत नाहीत, आणि जमीन, वारा, कूलर आणि आपली स्वतःची तयारी हे सारे त्यात पारखून घेता येते.

२०२५ च्या जुलैमध्ये मी पुन्हा त्याच पानावर गेलो. माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती, तिने त्या वर्षी हंटर एज्युकेशनची परीक्षा दिली होती आणि लहानांसाठी अँटिलोपचा पॉइंट १० डॉलरला मिळतो. तिचा एक घेतला. माझा त्या महिन्यात घेतला नाही, ऑक्टोबरपर्यंत वेळ होता. दोघांनी मिळून अर्ज केला तर सरासरी काय येईल आणि कोणता एरिया त्यात बसेल, याचे तक्ते ती सध्या माझ्याआधी उघडून बसते.